पुढची कड

पत्रा तापायच्या आत उरकावं लागतं हे.
सात वाजले की रास अल खैमाचं ऊन
मेलेल्या किड्याला रंगात शिजवतं.
मग किडा निघतो, डाग निघत नाही,
देवीच्या वणासारखा राहतो.

म्हणून साडेचारला हँगरचं दार ढकलतो.
बादली, कोमट पाणी, हॉटेलांनी टाकलेले जुने टॉवेल;
एकाच्या कोपऱ्यात अजून खोलीचा नंबर शिवलेला, ४१२.
टॉवेल भिजवायचा, पिळायचा नाही,
पंखाच्या पुढच्या कडेवर घालायचा
तापल्या पोराच्या कपाळावर घालतात तसा,
आणि दहा मिनिटं गप्प बसायचं.
"घासू नको," थंकच्चननं पहिल्याच दिवशी सांगितलेलं,
"भिजू दे. आपोआप सोडेल."
चार शब्द हिंदी, बाकी हातवारे.

खेडच्या गॅरेजात अकरा वर्षं रंग मारला मी.
रंग वरून काच, आतून कातडी.
किड्याच्या पोटातलं आंबट पाणी त्याला खातं,
मुकाट, बारीक,
घर खाणाऱ्या माणसासारखं.

किड्यांवरून मला वाट कळते.
चाकांच्या टोप्यांवर चिलटांचा राखी सडा:
तिवरांवरून गेलं, ओहोटीला.
दिव्याच्या काचेवर एकटा टोळ, तंगड्या पसरून:
डोंगराकडून, उन्हं उतरताना.
नुसती मिठाची झाक: समुद्र.
वही बघायची गरज पडत नाही.
तशी परवानगीही नाही.

काल संध्याकाळी मैथा एकटी उडाली. दुसऱ्यांदाच.
उतरली तेव्हा हसत नव्हती, रडतही नव्हती,
हेडफोन गळ्यातच विसरून पार्किंगपर्यंत गेली
आणि परत आली तो ठेवायला.
फळ्यावर लिहिलं: समुद्र, दोन हजार फूट, पन्नास मिनिटं.

आज टॉवेल उचलला, तर मधमाश्या.
नऊ.
पिवळे चिकट ठिपके, बोटावर घेतले तर परागाचे कण.
वास कुबट, गोड, ओळखीचा.
बोर.
इकडे तिला सिदर म्हणतात; काटे तेच, फूल तेच.
आमच्या बांधावरची आता फळाला आली असेल.

समुद्रात बोर नसते.
दिगदगाच्या मळ्यांत असते, खाऱ्या झालेल्या विहिरींच्या कडेला.
तिथे तिच्या आजोबांचं शेत होतं
असं ऑफिसातला पोरगा एकदा बोलला होता,
चहा ढवळता ढवळता.
झाडाच्या शेंड्याला पोट लागेल इतकं खाली गेल्याशिवाय
नऊ मधमाश्या नाही मिळत.

मी तिथेच उकिडवा बसलो.
गेल्या मार्चात एक जण असाच खाली गेला होता,
मित्राच्या गच्चीवरून, विजेच्या तारेपर्यंत.
त्याचं विमान ट्रकातून आलं.
धुण्यासारखं काही नव्हतं त्यात.

थंकच्चननं लांबून विचारलं, "जास्त आहे का?"
"नेहमीचंच," म्हणालो.

आठ पुसल्या.
एक ठेवली, डाव्या पंखावर, मुळाशी,
उडण्याआधी ती हात फिरवत येते तिथे.
नोकरी जाईल इतकी मोठी चूक नव्हे,
पण मी काही विसरणाऱ्यातला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आठ वाजता आली.
तळवा कडेवरून सरकत सरकत थांबला.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी पंख्याचं टोक पुसत होतो, कधीचंच पुसून झालेलं.

मग तिनं बाटलीतलं पाणी कागदी रुमालावर ओतलं
आणि खसाखसा घासायला लागली.

"घासू नका," मी म्हणालो. "भिजू द्या."

थांबली. रुमाल तसाच दाबून धरला,
एका हातानं, मग दोन्ही हातांनी.
आम्ही दोघं गप्प. बाहेर इंधनाची गाडी येऊन गेली.
त्या दिवशी ती उडाली नाही.
कारण फळ्यावर वारा लिहिलं. वारा नव्हता.

माशी निघाली.
पण ऊन वर आलेलं होतं, उशीर माझाच.
डाग आहे अजून. दिसत नाही,
हात फिरवला तर लागतो.